बारा मामींचा पंखा

माझ्या मामीचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड आहे. कपडे शिवणारी बाई दर खेपेला माप घेताना फीत दोनदा फिरवते आणि विचारते, "मामी, उजवी बाही जरा सैल ठेवू का?" मामी मान ताठ करून म्हणते, "सैल कशाला? बरोबर मापाची शिव. हा दंड मला आयता मिळालेला नाही."

एकतीस वर्षं मामीने भाता ओढला. मामा लोहार. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं घर आणि घराला चिकटून भट्टीची खोली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, नऊ फूट उंच. एका भिंतीला भट्टी, तिच्यासमोर ऐरण आणि भट्टीच्या मागे वरून टांगलेला चामड्याचा भाता. मामा घण घालायचा तेव्हा सगळा रस्ता ऐकायचा. मामी भाता ओढायची ते मात्र कुणाला ऐकू यायचं नाही. कुऱ्हाडीला पाणी देऊन घेणारा माणूस जाता जाता मामाच्या हाताची तारीफ करायचा. त्यात त्याची चूक नव्हती. लोखंडावर घणाचे ठसे राहतात, वाऱ्याचा ठसा कुठे राहतो?

मग मामाचा खांदा गेला. डॉक्टरांनी घण कायमचा खाली ठेवायला सांगितला. भट्टी विझली, मामा ओट्यावर बसायला लागला, आणि मामी एक दिवस शेतकी शाळेतल्या पाच दिवसांच्या शिकवणीला जाऊन परत आली. हातात एक वही आणि बियाण्याची पिशवी.

"भट्टीच्या खोलीत मशरूम लावणार आहे," ती म्हणाली. "धिंगरी म्हणतात त्याला. शिंपल्यासारखी दिसते."

"तिथे ऊन कुठे आहे?" मामा म्हणाला.

"ऊन नाही आणि आता आगही नाही. तिला तेच हवंय."

पण त्या खोलीवर आणखी एकाचा डोळा होता. रस्त्यापलीकडच्या सिमेंटवाल्याला गोण्या ठेवायला कोरडी जागा हवी होती. भट्टीची खोली जोत्यावर उंच, भिंती जाड, दाराशी गाडी लागते. मामाने त्याला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. मामीला हे कळलं तेव्हा ती भांडली नाही. मामासमोर जाऊन उभी राहिली.

"मला तीन पिकं द्या. तीन पिकांत जमलं नाही तर खोलीची किल्ली मी स्वतः त्याच्या हातात ठेवीन."

"तीन. चौथं मागायचं नाही."

"आजवर मागितलंय का काही?"

मामाने खोलीची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. 

पहिल्या पिकाला मामीने जीव ओतला. गव्हाचं काड बारीक कापून उकळलं, निथळून गार केलं, पिशव्यांत थरावर थर भरला आणि प्रत्येक थरावर मूठभर बियाणं पेरलं. माशी शिरू नये, धूळ येऊ नये म्हणून खिडकीला प्लास्टिक ठोकलं आणि भिंतीतली एकूण एक फट चिंध्या कोंबून बंद केली. तीन आठवड्यांत पिशव्या आतून दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. मामीने त्यांना चिरा दिल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं, आणि टाचणीच्या डोक्याएवढे कोंब बाहेर आले.

मग त्या कोंबांनी भलतंच केलं. देठ वाढत राहिले, डोकी वाढेचनात. वीत वीत लांब मान आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी. वरच्या फळीवर जरा बरं होतं, खालच्या फळीवर सगळ्यात वाईट. मामीने तेही वहीत लिहून ठेवलं.

मामाने एक कोंब उपटून उजेडात धरला. "ह्या तर काड्या झाल्या की. पेटतात का बघतेस?"

शेतकी शाळेच्या मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, "मामी, ती पण श्वास घेतात. सोडलेली हवा खोलीत साचली, की बिचारी मान उंच करून नवी हवा शोधत बसतात. टोपी धरायचं विसरतात. पंखा लावा."

'पंखा' हा शब्द मामाच्या कानावर पडला आणि महिनोन् महिने ओट्यावर बसलेला माणूस उठून उभा राहिला. वारा हा त्याचा विषय. तिसऱ्या दिवशी बंद पडलेल्या गिरणीच्या भंगारातून त्याने अठरा इंची लोखंडी पंखा आणला, खिडकीत बसवला आणि तोंड केलं आत. त्या वेळी आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लोहाराच्या घरात वारा आत घालायचा असतो. एकतीस वर्षं वारा निखाऱ्यावर सोडला. तो बाहेर काढण्यासाठीही पंखा लावतात हे मामाच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मामीच्याही नाही.

दुसरं पीक कोंबावर आलं तेव्हा मामाने खटका दाबला. काडाचा भुगा उडाला, वहीची पानं फडफडली, मामीच्या डोक्यावरचा रुमाल दाराबाहेर जाऊन पडला.

"बघ!" मामा ओरडला. "असा वारा तुझ्या मास्तराने जन्मात पाहिला नसेल!"

दोन दिवसांत कोंब वाळले. जे थोडे मोठे झाले त्यांच्या कडा जुन्या कागदासारख्या तडकल्या. मामा दिवसभर घरात तोंड भिंतीकडे करून पडून राहिला. मामी त्याच्या उशाशी चहा ठेवून म्हणाली, "उठा. अक्कल तुमचीच गेली असती तर मी बोलले असते. माझीही बरोबरच गेली होती."

राहिलं तिसरं पीक. मामीने त्याच्या पिशव्या लगेच भरून ठेवल्या.

ह्याच दिवसांत मामी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जाऊन आली. तिथली मुख्य बाई दीडशे आजाऱ्यांचं जेवण बघते. तिने हात पुसत पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी तुमची खोली बघायला येते. माल आवडला तर वर्षभर दर मंगळवारी घेईन. नाही आवडला तर तोंडावर सांगेन, मागाहून निरोप पाठवणार नाही."

"तोंडावरच सांगा," मामी म्हणाली.

रस्ता लहान आहे. संध्याकाळी सिमेंटवाला येऊन ओट्याच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा. "मामा, मंगळवारी त्या बाई बघून जाऊ देत. मी बुधवारी सकाळी किल्ली न्यायला येतो."

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. पण त्याने 'नाही जमलं तर येतो' असं म्हटलं नाही, नुसतं 'येतो' म्हटलं. ते मामीला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती मामाला घेऊन पंख्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराला सगळे 'खटका' म्हणतात, कारण बोलताना त्याचा एक हात कायम कुठल्या तरी बटणावर असतो.

"मामी, पंखा स्वयंपाकघरासाठी की बाथरूमसाठी?"

"मशरूमसाठी."

"मशरूम आंघोळ करतात?"

"रोज दोनदा. तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत."

खटक्याने तीन पंखे मांडले. चार इंची, सहा इंची आणि बारा इंची. मामाचा हात सरळ बाराकडे गेला. खटक्याने बटण दाबलं. गल्ल्यावरची बिलं उडून रस्त्यावर गेली.

"बंद कर," मामी म्हणाली. "असंच माझं एक पीक उडालंय. आधी मला सांग, कुठला पंखा किती हवा काढतो?"

"खोली केवढी?"

"दहा, दहा, नऊ."

"म्हणजे नऊशे घनफूट."

"ते घनफूट केवढं असतं ते हातात दे."

खटक्याला असं कुणी कधी मागितलं नव्हतं. त्याने मागे वळून एक रिकामं खोकं काढलं. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. "हे घ्या एक."

मामीने ते मांडीवर घेतलं. दोन्ही तळवे बाजूंना लावले, जरासे दाबले, सोडले. डोळे मिटले.

"एवढी हवा माझा भाता एका ओढीला सोडायचा."

"जरा जास्तच," मामा म्हणाला.

"एवढीच. ओढत मी होते."

खटका आता स्टुलावर बसला. "मिनिटाला किती वेळा ओढायच्या?"

"नांगराचा फाळ तापवायचा असला तर बारा. न थांबता."

खटक्याने खोक्यावरच पेन्सिल चालवली. "नऊशेला बाराने भागा. पंचाहत्तर मिनिटं. म्हणजे तुम्ही एकट्या बसलात तर खोलीतली सगळी हवा बदलायला सव्वा तास. वहीत काय लिहिलंय?"

"तासाला पाच वेळा हवा बदलावी."

"दर बारा मिनिटांनी एकदा. म्हणजे…" तो पेन्सिल चावू लागला.

"म्हणजे सहा मामी लागतील," मामीने सांगून टाकलं.

दुकानात आलेलं गिऱ्हाईकही हसलं. खटका हसला नाही. त्याने प्रत्येक पंख्याच्या खोक्यावरचा आकडा वाचून हिशेब मांडला आणि वर पाहिलं. "चार इंची, पाच मामींचा. सहा इंची, बारा मामींचा. आणि हा मामांचा आवडता, पन्नास मामींचा."

"पन्नासवाला घे!" मामा म्हणाला.

"एक धड सांभाळता आली नाही," मामी म्हणाली, "पन्नास कुठे ठेवाल?"

तिने चार इंचीवर हात ठेवला. पाच म्हणजे जवळजवळ सहा. पण खटका प्रामाणिक माणूस. त्याने तिचा हात थांबवला. "मामी, खोक्यावरचा आकडा पंखा मोकळ्यावर ठेवून काढलेला असतो. तुम्ही जाळी लावणार, पाइप लावणार. निम्म्या मामी जाळीतच अडकतात. ह्या पाचातल्या अडीच उरतील."

 मामीने सहा इंची ओढून घेतला. "मग हा. बारातल्या सहा अडकल्या तरी सहा उरतात. मोटर झाकलेली आहे ना? माझ्या खोलीत सारखा ओलावा असतो."

मोटर झाकलेली होती. तेवढ्यात मामाने पंखा हातात घेतला, पातं बोटाने हळूच फिरवलं, कानाशी धरलं, दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि परत ठेवला. "ह्याचा दांडा खेळतोय. महिन्यात आवाज करील. दुसरा दे." दुसरा नग त्याने तसाच तपासला आणि मान हलवली. मामी त्याच्याकडे बघत होती. खांदा गेल्यापासून त्याने पहिल्यांदा कुठल्या वस्तूवर आपला शब्द दिला होता.

"वर बसवा हं," खटका म्हणाला. "छताजवळ. धूर वरून निघतो."

"धूर तापलेला असतो म्हणून वर जातो," मामी म्हणाली. "ह्यांची शिळी हवा गार. खालच्या फळीवरचे देठ सगळ्यात लांब होते. ती खाली साचते. पंखा जमिनीपासून हातभर उंचीवर लागणार, आणि तोंड बाहेर."

खटक्याने हात बटणावरून काढला. "हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

मामाने भिंतीला गोल भोक पाडलं. गवंड्याला बोलावू दिलं नाही. डाव्या हाताने छिन्नी धरून, उजव्याने हलकेच ठोकत दोन दिवस लावले. गिरणीचा पंखा भंगारात परत गेला, खिडकीवर पुन्हा प्लास्टिक आलं, पंखा बसला, घुमू लागला. पिशव्यांना चिरा दिल्या. कोंब आले. चौथ्या दिवशी मामी बाहेर आली ती ओट्यावर बसूनच राहिली.

"परत माना काढतायत."

"पंखा चालू आहे ना?"

"चालू आहे."

मामाने सुतळीचं टोक पेटवून विझवलं आणि धुराची रेघ घेऊन आत गेला. पंखा गुंगुं करत होता आणि धूर जागच्या जागी उभा होता, कुठे जावं ते न कळल्यासारखा. परत निघताना मामाला दार उघडेना. जोर लावला तेव्हा कुठे फस्सकन् उघडलं. "आतून कोण धरून बसलंय दार?" तो पुटपुटला.

मंगळवारला तेरा दिवस उरले होते.

दुपारी मामी खोलीत एकटीच उभी होती. भाता अजून तिथेच टांगलेला. दोन वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. तिने सवयीने दांडी धरली आणि ओढली. भाता फुगला नाही. पोटाचं चामडं आत ओढलं गेलं, गाल आत गेलेल्या म्हाताऱ्यासारखं. तिने पुन्हा ओढली. तेच. मग ती मागे गेली आणि तिने भात्याची झडप पाहिली. चामड्याची ती तळहाताएवढी पट्टी, जी भाता फुगताना उघडते, हवा आत घेते आणि मिटते. ती सुकून, काजळीने भोकाला घट्ट चिकटून बसली होती.

मामी तशीच उभी राहिली. एकतीस वर्षं तिने ती झडप तेल लावून मऊ ठेवली होती. हवा आत आल्याशिवाय बाहेर जात नाही हे तिच्या हाताला माहीत होतं. आणि त्याच हाताने तिने या खोलीची एकूण एक फट चिंध्या कोंबून बुजवली होती.

"अहो!" तिने हाक मारली. "इकडे या! बारा जणी ओढतायत, आणि मी घरात घ्यायला दारच ठेवलं नाही!"

मामा आला. तिने भाता ओढून दाखवला, मग पंख्याकडे बोट केलं. मामाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो पंख्यासमोरच्या भिंतीकडे गेला आणि वर, छताजवळ बोट टेकवलं. "इथे?"

"तिथेच. वरून नवी येईल, खालून शिळी जाईल. पण नुसतं भोक नको. पंखा थांबला की माश्या शिरतील. झडप हवी."

"चामडं आणावं लागेल."

मामीची नजर भात्यावर गेली. मामाने तिच्याकडे पाहिलं, मग भात्याकडे. तो भाता त्याच्या वडिलांचा होता. मामाने चुरगळलेला जुना हातरुमाल काढून तोंड पुसलं, टाचा उंच करून भाता खुंटीवरून उतरवला, मांडीवर घेतला आणि झडपेचे टाके एकेक करून सोडवले. चामडं कुठे चिरू दिलं नाही. मामीने दोन दिवस ती झडप तेलात मुरवली. मामाने तिच्यासाठी पातळ पट्टीची बिजागरी केली. घण न उचलता, छोट्या हातोडीने, विझलेल्या भट्टीच्या कडेवर बसून. भोकामागे मामीने जाळी लावली आणि तिच्यावर ओलं पोतं सोडलं, म्हणजे येणारी हवा भिजून येईल.

मग तिने पंखा सुरू केला.

समोरच्या भिंतीवर झडप हलली, उचलली गेली आणि उघडी राहिली. मामाने सुतळी धरली. धुराची रेघ वरून वाकली, पिशव्यांमधून वळसे घेत खाली आली आणि पंख्याकडे निघाली.

"पळत नाहीये," मामा हळूच म्हणाला. "चालतोय."

"चालायलाच हवा," मामी म्हणाली.

लांब मानेचे सगळे कोंब तिने खुडून टाकले. हात जड झाला, पण टाकले. पाचव्या दिवशी त्याच चिरांतून नवे कोंब आले, आखूड मानेचे, गुबगुबीत. त्यांना दिवसागणिक टोप्या फुटल्या. सोमवारी संध्याकाळी दार उघडलं तर फळ्यांवरून करड्या शिंपल्यांचे घोस लोंबत होते, एकावर एक, कडा किंचित आत वळलेल्या. खालच्या फळीवरही तसेच. मामी खालच्या फळीसमोर बराच वेळ उकिडवी बसली होती.

मंगळवारी इस्पितळाची बाई आली. चपला बाहेर काढून आत शिरली. तिने कुणाशी गोड बोलणं केलं नाही. एक घोस उलटा केला, खालच्या घड्या पाहिल्या, वास घेतला, देठ मोडून पाहिला. वरच्या फळीवरून एक घेतला, खालच्या फळीवरून एक, आणि दोन्ही तळहातांवर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन्ही सारखेच आहेत," ती म्हणाली. "मी तीन ठिकाणी पाहून आले. कुठेही खालची फळी दाखवायला कुणी तयार नव्हतं. किती देऊ शकाल?"

"आठ किलो. पुढच्या पिकापासून बारा."

"आठ पाठवा. दर मंगळवारी, सकाळी नऊच्या आत. आणि हे वर काय वाजलं?"

बोलणं ऐकू यावं म्हणून मामाने पंखा बंद केला होता आणि झडप मिटताना चामड्याचा बारीक आवाज झाला होता.

"आमच्या सासऱ्यांच्या भात्याची झडप आहे," मामी म्हणाली. "खोली श्वास घेते त्यातून."

बाईने वर पाहिलं, मग मामीच्या दंडाकडे पाहिलं, आणि तिला काय कळायचं ते कळलं असावं. जाताना तिने मामाला नाही, मामीला नमस्कार केला.

बुधवारी सकाळी सिमेंटवाला आला. बोलल्याप्रमाणे आला. हातात स्वतःचं नवं कुलूपही होतं. मामी दारात उभी राहिली, पण तिच्या आधी मामा ओट्यावरून उठला. त्याने सिमेंटवाल्याचा हात धरला आणि त्याला भट्टीच्या खोलीत नेलं. मी रस्त्यातूनच बघत होते. आतून मामाचा आवाज येत होता. खांदा शाबूत होता तेव्हाचा आवाज.

"ही वरची झडप बघ. आणि तो खालचा पंखा. लहान दिसतो ना? आमच्या हिने माप घेऊन निवडलाय. मी पन्नासवाला घेत होतो. बुडालो असतो."

"पन्नासवाला काय?" सिमेंटवाल्याला काही कळेना. "मामा, किल्ली…"

"खोली रिकामी नाही बाबा," मामा म्हणाला. "बारा मामी राहतात इथे. आणि तेरावी दारात उभी आहे, तिला विचारल्याशिवाय मलाही आत यायला परवानगी नाही."

सिमेंटवाला बाहेर आला. मामीने त्याच्या हातावर कागदात गुंडाळलेला एक घोस ठेवला. "घरी द्या. वहिनींना सांगा, देठासकट शिजवायचा. आमचे देठ टाकून देण्यासारखे नसतात."

तो कुलूप आणि पुडा घेऊन रस्ता ओलांडून गेला. मामीने आत जाऊन बटण दाबलं. झडप उघडली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, डाव्या हाताने उजवा दंड धरून, जशी पूर्वी फाळ लाल झाल्यावर, मामाचा घण पडायची वाट बघत उभी राहायची.